कॉल्पोस्कोपी सांगितली आहे : टेबलावर नक्की काय होतं आणि त्यानंतर काय

प्रश्न ४१ वर्षांच्या एका शिक्षिकेचा आहे. दोन मुलं, पाळी नियमित, अधूनमधून अंगावरून पांढरं जातं. तालुक्याच्या शिबिरात पॅप (गर्भाशयाच्या मुखावरच्या पेशींची तपासणी) आणि एचपीव्ही (तिथे कॅन्सर घडवू शकणारा विषाणू) या दोन्ही चाचण्या झाल्या. पॅपच्या रिपोर्टवर 'एस्कस' लिहिलंय. एचपीव्ही पॉझिटिव्ह आहे, पण १६ आणि १८ हे त्याचे जास्त धोक्याचे प्रकार सापडलेले नाहीत. एका डॉक्टरांनी कॉल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाची भिंगातून तपासणी, सांगितली. दुसऱ्यांनी आतून तपासलं आणि "पिशवीच्या तोंडाला जखम आहे, मुलं झालीत, काढूनच टाका" असं सुचवलं. त्यांना विचारायचं आहे ते असं: हा कॅन्सर आहे का? तपासणीला भूल देतात का, किती दुखतं? तुकडा काढला की रोग पसरतो असं जाऊबाई म्हणतात, ते खरं का? दुसऱ्या दिवशी शाळेत जाता येईल का? नवऱ्याला काय सांगू? आणि बारा वर्षांच्या मुलीला लस द्यावी का?

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते मिळेपर्यंत बाकीचं तुमच्या डोक्यात शिरणार नाही. तुमच्या हातातले दोन्ही रिपोर्ट कॅन्सरचे नाहीत. 'एस्कस' म्हणजे काही पेशी नेहमीसारख्या दिसल्या नाहीत, पण त्या बिघडल्या आहेत असंही ठामपणे म्हणता येत नाही. एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू तिथे आहे. दोन्ही एकत्र असलेल्या स्त्रियांच्या मोठ्या नोंदी कॅलिफोर्नियात ठेवलेल्या आहेत. त्यांवरून काढलेला अंदाज असा की अशा शंभर जणींत साधारण चार-पाच जणींना उपचार लागेल असा गंभीर, तरीही बहुतेक वेळा कॅन्सरच्या आधीचाच बदल सापडतो. बाकी पंचाण्णव जणींत एकतर काहीच नसतं, किंवा आपोआप जाणारं काहीतरी असतं. तुम्ही त्या पाचांत आहात की पंचाण्णवांत, हे शोधायला कॉल्पोस्कोपी करायची.

पॅप सांगतो की पेशींत काहीतरी वेगळं दिसतंय. एचपीव्ही चाचणी सांगते की कारण हजर आहे. ते नेमकं कुठे आहे हे दोन्हींना सांगता येत नाही, ते कॉल्पोस्कोपी दाखवते. आणि ते काय आहे याचा निकाल तुकड्याच्या तपासणीतून, म्हणजे बायॉप्सीतून लागतो. हा क्रम मोडला की घोटाळे होतात. आपल्याकडे तो सर्रास मोडला जातो, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याबद्दल जरा सविस्तर बोलते.

"पिशवीच्या तोंडाला जखम" हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती बायकांनी ऐकलं असेल याची गणती नाही. बहुतेक वेळा तिथे जखम नसतेच. गर्भाशयाच्या मुखाचा बाहेरचा भाग जाड, अनेक थरांच्या पेशींनी झाकलेला असतो, म्हणून तो फिकट गुलाबी दिसतो. आतल्या नळीचं अस्तर मात्र एकाच थराचं असतं आणि त्याखालच्या रक्तवाहिन्या दिसत असल्याने ते लालभडक दिसतं. तरुण वयात, बाळंतपणानंतर, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना हे आतलं अस्तर थोडं बाहेर डोकावतं. नुसत्या डोळ्याला ते सोललेल्यासारखं वाटतं. त्यातून थोडा जास्त स्राव होतो, कधी संबंधानंतर रक्ताचा डाग दिसतो. हा आजार नाही. पण "लाल आहे, पांढरं जातंय, पुढे कॅन्सर होईल" असं म्हणत थेट शस्त्रक्रियेची तारीख दिली जाते. बीडमधल्या ऊसतोड कामगार महिलांचा प्रश्न २०१९ साली गाजला, तेव्हा ८२,३०९ जणींची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यामागे मजुरी, कंत्राट, गरिबी अशी बरीच कारणं होती, पण कॅन्सरची भीती हे त्यांतलं एक ठळक कारण होतं.

निदान न करता पिशवी काढण्यात दोन्हीकडून तोटा आहे. आत काही नसेल, तर चाळिशीत विनाकारण मोठी शस्त्रक्रिया झाली आणि रजोनिवृत्तीही लवकर येण्याची शक्यता वाढली. आत खरंच कॅन्सर लपलेला असेल, तर साधी पिशवी काढणं हा त्याचा बहुतेक वेळा पुरेसा उपचारच नसतो. त्यासाठी वेगळ्या पद्धतीची मोठी शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन लागतं, आणि अर्धवट शस्त्रक्रियेनंतर ते अवघड होऊन बसतं. शिवाय पिशवी गेली म्हणजे विषाणू गेला असंही नाही, तो योनीमार्गात राहू शकतो. तेव्हा तुमचं उत्तर सरळ आहे: कॉल्पोस्कोपी झाल्याशिवाय पिशवीचा विषय काढू देऊ नका. कुणी घाई केली तर "आधी कॉल्पोस्कोपीचा आणि बायॉप्सीचा रिपोर्ट येऊ दे" एवढं म्हणा.

आता तपासणी. पेशंटना आम्ही "दुर्बिणीतून तपासणी" म्हणतो, आणि त्यामुळे निम्म्या बायका पोटाला भोकं पाडायची आहेत असं समजून उपाशीपोटी, नातेवाइकांचा ताफा घेऊन येतात. तसलं काही नाही. कॉल्पोस्कोप हे भिंग आणि दिवा असलेलं यंत्र स्टँडवर असतं आणि ते तुमच्या शरीरापासून साधारण फूटभर लांब राहतं. आत जातं ते फक्त स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडी धरणारं साधन, पॅपच्या वेळी घातलं होतं तेच. भूल नाही, दाखल होणं नाही, उपास नाही. उलट चहा-नाश्ता करून या, रिकाम्या पोटी चक्कर लवकर येते.

तारीख घेताना पाळी पूर्ण थांबल्यानंतरचा आठवडा निवडा. पाळीच्या आठव्या ते बाराव्या दिवसाच्या आसपास मुखाजवळचा स्राव पातळ असतो आणि नीट दिसतं. आधीचे दोन दिवस संबंध नकोत, योनीत ठेवायच्या गोळ्या किंवा मलम नको, आतून पाण्याने धुणं नको (ती सवय एरवीही सोडलेली बरी). डॉक्टरांना काही गोष्टी न विचारता सांगा: पाळी चुकली असेल तर ते, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते, आयोडिनची किंवा कुठल्या औषधाची अॅलर्जी असेल तर तीही. तांबी असली तरी तपासणीला अडत नाही. आयबुप्रोफेन तुम्हाला चालत असेल तर तासभर आधी एक गोळी घेतल्याने पोटातली कळ कमी होते. अॅसिडिटी किंवा किडनीचा त्रास असेल तर पॅरासिटामॉल घ्या. साडी किंवा लांब कुर्ता सोयीचा पडतो, कारण कमरेखालचेच कपडे काढायचे असतात. एक पॅड सोबत ठेवा. आणि जुने सगळे रिपोर्ट आणा, फोनमधले धूसर फोटो नकोत, कागद आणा.

टेबलावर पाय वर ठेवून झोपायचं असतं. लाज वाटते, हे मला ठाऊक आहे. तिथे एक नर्स हजर असायला हवी आणि अंगावर चादर हवी. यातलं काही दिसलं नाही तर मागा, त्यात संकोच कसला? स्पेक्युलम घालताना बायका श्वास रोखतात आणि मांड्या आवळतात, त्याने दाब दुप्पट जाणवतो. तोंडाने सावकाश श्वास सोडत राहा, टाचा सैल ठेवा. फार रुतलं तर लगेच बोला, लहान आकाराचं स्पेक्युलम असतं. मध्येच थांबवायचं असेल तर "थांबा" म्हणायचा हक्क शेवटपर्यंत तुमचा आहे.

आधी मुख साध्या सलाइनने पुसून पाहतात. मग ३ ते ५ टक्क्यांचं अॅसिटिक अॅसिड कापसाने लावतात. म्हणजे व्हिनेगरच, वासही तोच. थंड लागतं, काहींना थोडं चुरचुरतं. मिनिटभर थांबायचं. ज्या पेशींची केंद्रकं मोठी आणि दाट झालेली असतात, त्यांचा भाग या मिनिटभरात पांढरा पडतो आणि थोड्या वेळाने पुन्हा पूर्ववत होतो. हॅम्बुर्गच्या डॉ. हिन्सेलमान यांनी १९२५ साली कॉल्पोस्कोप बनवला. तेव्हापासून भिंगं सुधारली, पडदे आले, कॅमेरे आले, पण तपासणीचा जीव अजून या व्हिनेगरमध्येच आहे. आरोग्य केंद्रात नर्स नुसत्या डोळ्यांनी करतात ती व्हीआयए चाचणी याच तत्त्वावर चालते.

त्यानंतर आयोडिन. निरोगी पेशींत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, आयोडिन शोषून गडद तपकिरी होते. बदललेल्या पेशींत ती कमी असते, त्यामुळे तो भाग पिवळा राहतो. मधल्या वेळात हिरवा फिल्टर लावून रक्तवाहिन्यांची नक्षी पाहतात. पांढरा भाग किती दाट, कडा किती स्पष्ट, रक्तवाहिन्या कशा, डाग केवढा आणि आयोडिन घेतं की नाही, या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण देऊन दहापैकी जी बेरीज होते तिला स्वीड स्कोअर म्हणतात. बरेच डॉक्टर रिपोर्टवर ती लिहितात.

समोर पडदा असेल तर तुम्हालाही दिसेल. बघायचं नसेल तर मान वळवा. पण बघितलंत तर एक लक्षात ठेवा: पांढरं दिसलं म्हणजे कॅन्सर नव्हे. साधी सूज असली, जंतुसंसर्ग असला, किंवा आतल्या अस्तराचं बाहेरच्या अस्तरात नैसर्गिक रूपांतर चालू असलं, तरी पांढरं दिसतं. पडद्यावर पांढरा पट्टा पाहून टेबलावरच रडू कोसळलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांतल्या कितीतरींचा रिपोर्ट पुढे साधा आला.

हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकतं. काही संशयास्पद नसेल तर तेवढ्यावर तुम्ही घरी.

संशय असेल तर तुकडा घेतात. त्या भागातून दोन-तीन मिलिमीटरचा कण चिमट्याने काढतात, आणि शक्यतो एकापेक्षा जास्त ठिकाणांहून. दोन-तीन तुकडे घेतले म्हणून घाबरू नका. एकच तुकडा घेतला तर नेमका बिघडलेला भाग हुकू शकतो, त्यापेक्षा हे बरं. दुखतं किती? खरं सांगायचं तर बाईगणिक फरक आहे. गर्भाशयाच्या मुखाला कापल्याची वेदना फारशी कळत नाही, ताण आणि ओढ कळते. त्यामुळे बहुतेकींना क्षणभर चिमटा आणि मग पाळीसारखी कळ जाणवते. काही जणींना "झालं पण?" असा प्रश्न पडतो. काही जणींना मात्र खरंच दुखतं, विशेषतः बाळंतपण झालेलं नसेल किंवा पाळी गेल्यामुळे जागा कोरडी झाली असेल तर. "काही दुखत नाही हो" असं सरसकट सांगणाऱ्यांशी माझं पटत नाही. दुखलं की त्या बाईचा आमच्यावरचा विश्वास जातो आणि पुढच्या फेरीला ती येत नाही. नळीच्या आतून खरवडून नमुना घ्यावा लागला तर कळ जास्त येते, पण तीही थोडाच वेळ टिकते. उठताना घाई करू नका. घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी असं काहींना होतं, पाच मिनिटं पडून राहिलं की जातं.

जाऊबाईंना सांगा, तुकड्याने रोग पसरत नाही. ही समजूत कशी तयार होते तेही कळण्यासारखं आहे: पुढे गेलेला कॅन्सर बायॉप्सीतून समजतो, पेशंट काही महिन्यांत खालावतो आणि दोष बायॉप्सीवर येतो. बायॉप्सीने पुढच्या गरोदरपणालाही बाध येत नाही. तुम्हाला लागू नाही, तरी वाचणाऱ्यांपैकी कुणी गरोदर असेल तर: कॉल्पोस्कोपी गरोदरपणात करता येते. तुकडा मात्र कॅन्सरचाच संशय असेल तरच घेतात आणि नळीतून खरवडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळेत जा. नुसती पाहणी झाली असेल तर त्याच संध्याकाळीही काही अडणार नाही, फक्त एक-दोन दिवस आयोडिनचं तपकिरी पाणी जाईल. तुकडा घेतला असेल तर रक्त थांबवायला मॉन्सेल नावाचं लोहाचं औषध लावतात. ते काळ्या चुऱ्यासारखं, कधी चिकट राड्यासारखं बाहेर पडतं. हे आधी कुणी सांगत नाही आणि मग रात्री अकराला फोन येतात. थोडे रक्ताचे डाग काही दिवस पडतात. साधारण आठवडाभर संबंध, टॅम्पॉन, मेन्स्ट्रुअल कप आणि पोहणं टाळा. आंघोळ, स्वयंपाक, जिने चढणं सगळं चालतं. तासाभरात पॅड भिजेल इतकं रक्त, मोठ्या गाठी, ताप, घाण वास किंवा वाढत जाणारं पोटात दुखणं यांपैकी काहीही झालं तर मात्र सकाळची वाट न पाहता दाखवा.

आणि रिपोर्ट. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सगळ्यात धोक्याचा टप्पा इथे आहे, टेबलावर नाही. तुकडा प्रयोगशाळेत जातो, आठ-दहा दिवसांनी कागद येतो आणि तो काउंटरवर पडून राहतो. बाई विचार करते: काही असतं तर त्यांनी फोन केला असता. दवाखान्याला वाटतं: ती येईलच. मधल्या काळात कापणी येते, परीक्षा येतात, दिवाळी येते. निघतानाच विचारून घ्या की रिपोर्ट कधी, कुठून, कोण देणार, आणि तारीख कॅलेंडरवर लिहा. डॉक्टरांना आणखी एक प्रश्न विचारा: बदल होतात तो पट्टा, म्हणजे ट्रान्सफॉर्मेशन झोन, पूर्ण दिसला का? वय वाढतं तसा तो नळीच्या आत सरकतो. तो पूर्ण दिसला नसेल तर "नॉर्मल" या शब्दाचं वजन कमी होतं आणि पुढची दिशा बदलते.

रिपोर्टमध्ये नुसती सूज आली तर गरजेप्रमाणे औषध, नाहीतर तेही नाही, आणि वर्षाने पुन्हा चाचणी. सीआयएन म्हणजे पेशींतल्या कॅन्सरआधीच्या बदलाची पायरी, १ सौम्य ते ३ गंभीर. सीआयएन-१ आलं तर तो विषाणूचा तात्पुरता ठसा समजा. बहुतेकींत दोनेक वर्षांत तो आपोआप जातो, म्हणून त्यावर उपचारांची घाई करायची नसते, वर्षाने चाचणी चुकवायची नसते. सीआयएन-२ आणि ३ वर उपचार करतात. का, ते न्यूझीलंडच्या एका दुर्दैवी प्रकरणातून कळलं. तिथे काही स्त्रियांच्या सीआयएन-३ वर पुरेसा उपचार न करता त्यांना नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं होतं. त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के जणींना ३० वर्षांत कॅन्सर झाला. दोन अर्थ निघतात: हा बदल सोडून देण्यासारखा नाही, आणि तो रातोरात कॅन्सर होत नाही. तुमच्याकडे नीट विचार करायला वेळ आहे.

उपचार म्हणजे बहुधा तेवढाच भाग जाळणं (थर्मल अॅब्लेशन), गोठवणं (क्रायो) किंवा विजेच्या तारेच्या फासाने काढणं (लीप). लीप जागेवर भुलीचं इंजेक्शन देऊन होतं, त्याच दिवशी घरी जाता येतं, पिशवी शाबूत राहते. ज्यांना अजून मूल हवंय त्यांनी तसं आधी सांगावं, कारण खोलवर काढलं तर पुढे दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका थोडा वाढतो. उपचारानंतरही चाचण्या बरीच वर्षं चालू ठेवायच्या असतात.

या चाचण्यांचा फायदा परदेशी पुस्तकांतलाच नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने आणि टाटा मेमोरियलने त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांत १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष आले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी देऊ केलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू निम्म्याच्या आसपास आले. चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या बायकांची पुढे कॉल्पोस्कोपीच होत होती, म्हणजे तुम्ही ज्या रांगेत उभ्या आहात त्या रांगेतून धाराशिवच्या खेड्यांतल्या बायका वीस वर्षांपूर्वी जाऊन आल्या आहेत.

नवऱ्याला सरळ सांगा. एचपीव्ही हा लैंगिक संबंधातून येतो हे खरं, पण संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होतो आणि बहुतेकांचं शरीर तो स्वतःच घालवतं. तो वर्षानुवर्षं सुप्त राहू शकतो. आज पॉझिटिव्ह आला याचा अर्थ कुणी हल्ली बाहेर काही केलं, असा लावता येत नाही, ना तुमच्याबद्दल, ना त्यांच्याबद्दल. पुरुषांसाठी नेहमीच्या वापरातली एचपीव्ही चाचणी नाही, त्यामुळे त्यांना तपासायला पाठवूनही हाती काही लागणार नाही. शक्य असेल तर त्यांना तपासणीच्या दिवशी सोबत न्या आणि हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. घरात बायकोने सांगितलेल्या आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टीचं वजन सारखं नसतं, हे मला आवडत नाही, पण त्याचा उपयोग करून घ्यायला हरकत नाही. तिशीपुढच्या बहिणी, जावा, नणंदा असतील तर त्यांनाही तपासणीला पाठवा. भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या वर बायकांना हा कॅन्सर होतो आणि बहुतेकींनी आधी एकदाही चाचणी केलेली नसते.

मुलीला लस द्या. ९ ते १४ या वयात दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक आहे, आयात केलेल्याही मिळतात. त्यात मुलीची वेगळी तपासणी लागत नाही, पाळी सुरू झालेली असो वा नसो. तुमच्या अंगात असलेला विषाणू मात्र ती लस घालवू शकत नाही, तेव्हा तुमच्यासाठी आत्ता कॉल्पोस्कोपीचीच तारीख घ्या.